दोन तुमची, पाच त्यांची

१

डोळ्यांच्या त्या दवाखान्यात शिरलं की समोर बाकं, उजवीकडे डॉक्टरीणबाईंची खोली आणि डावीकडच्या बोळाच्या टोकाला पाणीकाकांची खोली. पाणीकाकांचं खरं नाव हजेरीच्या वहीत होतं आणि तिथेच राहायचं. सगळे त्यांना पाणीकाका म्हणत, कारण गेली एकतीस वर्षं ते लोकांच्या डोळ्यांत पाणी घालत होते. कुणाच्या डोळ्यात चुना उडायचा, कुणाच्या साबण, कुणाच्या भिंतीचा रंग. माणूस बोंबलत आत यायचा आणि बाई आपल्या खोलीतून ओरडायच्या, "आधी पाणी! बाकी सगळं नंतर!"

खोली लहान होती. मागे रेलणारी एक खुर्ची, स्टँडवर उलटी टांगलेली सलाईनची बाटली, तिला बारीक नळी, एक कपाट, एक दार, एक खिडकी. काकांची पद्धत ठरलेली. डाव्या हाताच्या बोटांनी पापण्या उघडायच्या, उजव्या हाताने धार धरायची आणि अर्धा तास एकच पाठ म्हणायचा, "वर बघा. खाली बघा. दाराकडे बघा. खिडकीकडे बघा." त्याने पाणी डोळ्याच्या कानाकोपऱ्यात फिरतं. अर्धा तास झाला की चांगल्या डोळ्यावर टॉवेल ठेवायचा, धुतलेल्या डोळ्यासमोर डाव्या हाताची दोन बोटं धरायची आणि विचारायचं, "किती?"

नेहमी दोनच. एकदा बाई म्हणाल्या होत्या, "काका, कधी तीन धरा, कधी चार धरा. पेशंटला पाठ होईल."

"पेशंट एकदाच येतो, बाई," काका म्हणाले. "पाठ मला झालंय."

एकतीस वर्षांत उत्तरं तरी किती आली? "दोन" आलं, "दिसत नाही" आलं, आणि एका दारुड्याने "तुम्हीच सांगा" म्हटलं होतं. बस्स.

२

त्या वर्षी शहरात चिकाच्या झाडाचं खूळ आलं. शेर म्हणतात त्याला. पानं नाहीत, नुसत्या हिरव्या कांड्या, जणू कुणी पेन्सिलींचा जुडगा कुंडीत खोचून ठेवलाय. कोपऱ्यावरचा रोपवाला ते "पाणी नको, खत नको, लक्षसुद्धा नको" असं म्हणत विकायचा. असं झाड कुणाला नको असेल? नवरा-बायकोला एकमेकांकडून जे मिळत नाही ते या झाडाकडून मिळायचं.

पण कांडी मोडली की दुधासारखा चीक येतो. तो डोळ्यात गेला की आधी नुसती चुरचुर. मग तासाभरात अशी आग, की माणूस जन्माला आल्याबद्दल आईबापांवर चिडतो. रात्रीपर्यंत सगळं जग दुधात बुडतं. वेळेवर भरपूर पाणी मिळालं तर आठवड्या-दोन आठवड्यांत डोळा निवळतो. पाणी मिळालं नाही तर काय, ते बाई सांगत नसत. नुसतं काकांच्या खोलीकडे बोट दाखवत.

पहिला आला तो बागेचा माळी. बागेभोवतीचं चिकाचं कुंपण छाटताना त्याने कपाळावरचा घाम पुसला होता, त्याच हाताने.

"झाडं लावायला शिकलात, हात धुवायला कधी शिकणार?" काकांनी त्याच्या पापण्या उघडल्या.

"काका, आधी पाणी घाला हो, अक्कल नंतर घाला!"

अर्धा तास धार चालली. माळी शहाण्यासारखा वर बघत होता, खाली बघत होता. दाराकडे बघा म्हटलं की मात्र जरा जास्त वेळ बघत होता. शेवटी काकांनी टॉवेल ठेवला, दोन बोटं धरली.

"किती?"

"सात," माळी म्हणाला.

काकांनी आपल्या बोटांकडे पाहिलं. दोन होती. सकाळीही दोनच होती.

"नीट बघा."

"नीटच बघतोय. दोन तुमची." माळ्याने हनुवटी दाराकडे केली. "आणि पाच त्यांची."

काकांनी मागे वळून पाहिलं. दार अर्धं उघडं होतं. बोळ रिकामा होता. टोकाच्या बाकावर एक बाई जांभई देत होती, आणि तिचे दोन्ही हात पिशवीत होते.

३

"काका," डॉक्टरीणबाई चष्मा पुसत म्हणाल्या, "बुबुळाला सूज आली की एकाची दोन दिसतात. दुहेरी दिसणं म्हणतात त्याला. साधी गोष्ट आहे."

"मान्य. पण दोनाची चार दिसतील, बाई. सात कुठून आली?"

"ज्याच्या डोळ्यात आग लागलीय त्याला तुम्ही गणित कशाला विचारता?"

काकांना ते पटलं. ते फार शिकलेले नव्हते, आणि शिकलेल्या माणसाने काही समजावलं की ते पटवून घ्यायचा प्रामाणिक प्रयत्न करायचे. बोळातून परत जाताना त्यांनी बोटांवर मोजून बघितलं. एकाची दोन, दोनाची चार. तिनाची सहा. सात कुठेच बसेना.

चार दिवसांनी निवृत्त हेडमास्तर आले. त्यांनी गॅलरीतल्या कुंडीची छाटणी नखं कापायच्या कात्रीने केली होती. का, असं विचारल्यावर म्हणाले, "सरळ रेषेत कापायचं होतं."

"किती?" काकांनी अर्ध्या तासाने विचारलं.

"सहा."

"मास्तर, डोळा सुजला की एकाची दोन..."

"मला शिकवू नका. मी बत्तीस वर्षं गणित शिकवलंय. तुमची दोन, आणि त्या कपाटापाशी उभ्या असलेल्या गृहस्थांची चार. अंगठा त्यांनी आत दुमडलाय. दोन आणि चार सहा." मास्तरांनी चांगल्या डोळ्यावरचा टॉवेल काढला आणि दोन्ही डोळ्यांनी कपाटाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग टॉवेल पुन्हा ठेवला, पुन्हा काढला. "विचित्र आहे," ते म्हणाले. "चांगला डोळा उघडला की दोनच. याचा अर्थ माझा चांगला डोळा बिघडलाय. तोही धुवा."

काकांनी तोही धुतला. मास्तरांशी वाद घालण्यापेक्षा ते सोपं होतं. धुताना ते कपाटाच्या बाजूला पाठ करून उभं राहायचं टाळत होते. त्यामुळे धार दोनदा मास्तरांच्या कानात गेली.

४

संध्याकाळी घरी काका गॅलरीत बसले. समोर काकूंची कुंडी होती. म्हणजे चिकाचं झाडच, छातीपर्यंत वाढलेलं, फांद्यांना लाल दोऱ्याने आधार दिलेला. त्याच्याजवळ खुर्ची टाकून काकू मटार सोलत होत्या.

"अगं, हे झाड काढून टाकू या का?"

"का?"

"चीक वाईट असतो त्याचा. रोज लोक येतायत."

"ते लोक त्याला कापतात म्हणून. मी त्याला कधी बोट लावलंय का? या घरात माझं गप्प बसून ऐकणारं हे एकच आहे."

"मी पण ऐकतो की."

"मी आत्ता काय सोललं?"

काका गडबडले. "शेंगा."

"कसल्या?"

काकांना खरंच सांगता येईना. त्यांचं लक्ष काकूंच्या हातांकडे होतं. त्या पाच बोटांनी शेंग धरत, मग एकेक बोट मिटत दाणे तळव्यात घेत, आणि शेवटी मूठ. पाच, चार, तीन... काका उठून आत गेले.

पाच. मग चार. कुणीतरी काहीतरी मोजतंय असं त्यांच्या मनात आलं. लगेच दुसरं मन म्हणालं, तू म्हातारा झालास, माळी मूर्ख आहे आणि मास्तर हट्टी आहे. काका या दुसऱ्या मनाच्या बाजूने झोपी गेले. पहिलं मन जागं राहिलं.

५

तिसरा आला तो न्हावी. दुकानासमोरचं चिकाचं झाड फार वाढलं म्हणून त्याने ते कातरलं होतं, आणि सवयीने कातरून झाल्यावर त्यावर फुंकर मारली होती.

तो खुर्चीत रेलला आणि आग होत असतानाही थबकला. "काका, ही खुर्ची आमच्या दुकानातली!"

"असेल. बाईंनी जुनी घेतली होती. वर बघा."

"या खुर्चीत मी माझ्या सासऱ्यांची पहिल्यांदा दाढी केली. हात इतका थरथरत होता..."

"खाली बघा. आता माझा थरथरायला लावू नका."

न्हावी माणसांच्या हातांकडे, मानांकडे, कानांकडे बघणारा. त्याला नंतर काकांनी बोटं दाखवली तेव्हा तो चटकन "पाच" म्हणाला आणि लगेच, "तुमची दोन, त्यांची तीन." मग त्याने मान तिरकी करून बारकाईने बघितलं. "उजवा हात आहे. बोटांची टोकं पांढरी, सुरकुतलेली. फार वर्षं पाण्यात काम केलेल्याची होतात ना, तशी. थेट तुमच्यासारखी."

"चेहरा?" काकांनी विचारलं.

"चेहरा तुमच्या डोक्याच्या मागे आहे. तुम्ही जरा बाजूला व्हा, सांगतो."

काका बाजूला झाले नाहीत. ते तिथेच, खांबासारखे उभे राहिले, हातातली नळी पायावर पाणी सोडत राहिली. शेवटी न्हावीच म्हणाला, "काका, चप्पल भिजली तुमची."

त्या दुपारपासून काकांनी ठरवलं, आता चिकाचा पेशंटच येऊ द्यायचा नाही. कुणाचाही डोळा नाही, तर कुणाची बोटंही नाहीत. जेवणाच्या सुटीत ते बागेच्या फाटकाशी उभे राहिले आणि कुंपणाला हात लावणाऱ्या प्रत्येकावर खेकसू लागले. माळ्याला त्यांनी दवाखान्यातला जाड प्लॅस्टिकचा बंद चष्मा आणि रबरी हातमोजे नेऊन दिले. "अंघोळ करतानासुद्धा काढायचे नाहीत," म्हणून बजावलं. मग ते रोपवाल्याकडे गेले.

"हे विकणं बंद करा."

"का हो? निरुपद्रवी झाड आहे." रोपवाल्याने प्रेमाने एक कांडी थोपटली. "पाणी नको, खत नको..."

"डोळे जातायत लोकांचे!"

"मग मी पाटी लावतो," तो म्हणाला, आणि खरंच लावली. 'झाडाकडे दुरून बघावे.' त्यामुळे झाड आणखी खपलं.

६

पंधरा दिवस कुणी आलं नाही. काकांच्या तोंडाला चव आली. सोळाव्या दिवशी सकाळी बोळात असा कालवा झाला की बाईंच्या सुद्धा हातातून पेन पडलं. दोन जावा आल्या होत्या. दोघींचे डोळे लाल, दोघींच्या ओढण्या ओल्या, आणि दोघी एकाच वेळी बोलत होत्या.

"हिने कुंडी ओढली!"

"माझी कुंडी, मी ओढणार नाही तर कोण? तू सोडलीस का?"

"सोडली म्हणून तर मोडली!"

थोरलीचा डावा डोळा, धाकटीचा उजवा. काकांना एकाच वेळी दोघी नको होत्या. मुळात एकही नको होती. पण डोळा थांबत नाही. त्यांनी थोरलीला खुर्चीत घेतलं, धाकटीला स्टुलावर बसवून तिच्या हातात दुसऱ्या बाटलीची नळी दिली, आणि दोघींना मिळून पाठ म्हटला. "वर बघा. खाली बघा. दाराकडे बघा."

"ती दाराकडे बघत नाहीये," थोरली म्हणाली.

"तुला कसं दिसलं? तू दाराकडे बघत नव्हतीस का?"

अर्धा तास झाला. काकांना वाटलं, आज विचारूच नये. कोण विचारणार आहे त्यांना, का विचारलं नाही म्हणून? पण एकतीस वर्षांचा हात आपोआप वर गेला. डावा हात, दोन बोटं.

"चार," थोरली म्हणाली. "दोन तुमची, दोन यांची."

काकांनी डोळे मिटले. मग धाकटीकडे वळले, कारण तिचाही टॉवेल ठेवून झाला होता आणि ती वाट बघत होती.

"तीन," धाकटी म्हणाली.

"चार आहेत!" थोरली ओरडली.

"तीन! यांचं एकच बोट आहे."

"आत्ता दोन होती, मी बघितली!"

"मग तू बघितल्यावर एक मिटलं असेल. तुला बघून कुणाचंही मिटेल!"

काकांनी दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. "कुठे उभे आहेत?"

यावर मात्र दोघींचं पहिल्यांदाच एकमत झालं. दोघींनी काकांच्या डाव्या खांद्याकडे बोट दाखवलं. त्या उभ्या असलेल्याच्या आणि काकांच्या खांद्याच्या मध्ये टॉवेल ठेवायलाही जागा नव्हती.

"तुमचे भाऊ का?" धाकटीने विचारलं. "बसायला द्या की त्यांना. केव्हाचे उभे आहेत."

७

पाच, चार, तीन, दोन, एक. आता बोटं संपली. पुढच्या चिकाच्या डोळ्याला मूठ दिसणार, एवढं काकांना कळत होतं. मुठीनंतर काय, ते कळत नव्हतं आणि कळून घ्यायचंही नव्हतं. आपल्यासाठी असेल तर असू दे, ते जेवणाच्या सुटीत घरी चालताना स्वतःशी म्हणाले. एकसष्ट वर्षं झाली, बरंच पाणी घातलं. पण मग गॅलरीतली कुंडी त्यांच्या डोळ्यांपुढे आली. छातीएवढी. शेजारी काकूंची खुर्ची. आणि पुढचा डोळा काकूंचा असला तर?

काकांचे पाय वेगाने पडू लागले.

काकू दुपारच्या झोपेत होत्या. काकांनी दवाखान्यातून आणलेला बंद चष्मा चढवला. रबरी हातमोजे घातले. डोक्याला टॉवेल गुंडाळला, बाईंचा एक जुना अॅप्रन बांधला. आरशात ते स्वतःला विहिरीत उतरणाऱ्या माणसासारखे दिसले. मग गॅलरीत जाऊन त्यांनी झाड बुंध्यातून कापलं, कांड्या एकेक करून पोत्यात भरल्या, लाल दोरा सोडवून खुर्चीवर ठेवला, जमिनीवरचा चीक पाण्याने धुतला. सगळं अगदी नियमाने. चिकाचा एक थेंब कुठे उडाला नाही. एकतीस वर्षांत ज्यांना ज्यांना त्यांनी रागावलं होतं, त्या सगळ्यांनी यावं आणि बघावं, असं काम झालं.

काका मोरीत गेले. आणि काळजीचा कळस म्हणून, एक थेंबही उडाला नसला तरी, डोळे एकदा धुवून घ्यावेत असं त्यांनी ठरवलं. चष्मा काढला. डाव्या हाताने, एकतीस वर्षांच्या सवयीने, जशा हजारो लोकांच्या उघडल्या तशा आपल्या डाव्या डोळ्याच्या दोन्ही पापण्या अलगद उघडल्या.

हातात हातमोजा होता. हातमोज्यावर चीक होता.

"अगं!" काका ओरडले. "अगं ऊठ! पाणी!"

काकू धावत आल्या. आधी त्यांना नवरा दिसला, डोक्याला टॉवेल, अंगात बायकी अॅप्रन. मग गॅलरीतला बुंधा दिसला. मग पोतं.

"माझं झाड!"

"झाडाचं नंतर! डोळ्यात गेलंय!"

काकूंनी हाताला लागली ती झाडांना पाणी घालायची झारी उचलली.

"ती नको! पिण्याचं पाणी आण! स्वच्छ!"

"तोंड बंद करा, पाणी जाईल तोंडात." काकूंनी त्यांना मोरीच्या उंबऱ्यावर बसवलं, मान मागे केली, चहाच्या किटलीत माठातलं पाणी भरलं आणि धार धरली. धार चांगली होती. सारखी, बारीक, न थरथरणारी. काकांना आश्चर्य वाटलं. एकतीस वर्षांत त्यांना कधी कुणी पाणी घातलं नव्हतं.

"वर बघा," काकू म्हणाल्या. "खाली बघा. दाराकडे बघा. खिडकीकडे बघा."

"तुला कसं माहीत?"

"झोपेत म्हणता तुम्ही. रोज. मी तर कधी कधी बघते पण."

किटली तेरा वेळा भरली. काकू मधे मधे झाडाबद्दल बोलत होत्या, मधे मधे नाक ओढत होत्या. अर्ध्या तासाने त्यांनी पदराने नवऱ्याचा उजवा डोळा झाकला आणि दोन बोटं समोर धरली.

"किती?"

धुतलेल्या डोळ्यात सगळं पांढरट होतं. त्या पांढरटात काकूंची दोन बोटं होती, सकाळच्या मटारने हिरव्या झालेल्या नखांची. आणि काकूंच्या उजव्या खांद्यापाशी, कानाजवळ, दारावर टकटक करायला उचलावी तशी एक मूठ. ओली. बोटांची टोकं आत दडलेली. चेहरा काकूंच्या डोक्याच्या मागे होता.

"किती हो?"

"दोन," काका म्हणाले. "दोनच."

आणि त्यांनी डावा हात लांबवून ती मूठ आपल्या मुठीत धरली. घट्ट. ती गार होती, बोटांत बर्फ धरावा तशी. क्षणभर ती आत हलली. मग पदर सुटला, उजवा डोळा उघडला, आणि हातात काही नव्हतं.

"काय पकडताय?" काकूंनी मागे वळून पाहिलं.

"डास होता."

"मारलात का?"

"नाही," काका म्हणाले. "धरला."

८

डोळा बारा दिवसांत निवळला. बाईंनी तपासला आणि म्हणाल्या, "काका, पुस्तकात घालण्यासारखं पाणी घातलंय. कुणी घातलं?"

"घरच्यांनी."

"त्यांना इकडे नोकरीला ठेवू का?"

डावा हात मात्र गार राहिला. बोटं आत वळलेली, तळवा नेहमी दमट. बाईंनी दाबून बघितला, नस असेल म्हणाल्या, वयाने होतं. काकांनी ते पटवून घ्यायचा प्रामाणिक प्रयत्न केला. घरी ते आता काकूंच्या डावीकडे बसत, म्हणजे त्यांचा डावा हात भिंतीकडे राही. काकूंनी कारण विचारलं तर म्हणत, "इथून तू चांगली दिसतेस." काकूंनी रिकाम्या कुंडीत कोथिंबीर पेरली होती आणि काकांशी चार दिवस बोलणं सोडलं होतं. पाचव्या दिवशी मात्र त्याच काकूंनी त्यांच्या शर्टाची बटणं लावून दिली, कारण एका हाताने लागत नव्हती.

कामावर हजर झाले त्या दिवशी बोळात ओळखीचा आवाज आला. रोपवाला. दोन माणसांनी धरून आणला होता.

"निरुपद्रवी झाड!" काका म्हणाले. त्यांना राहवलं नाही.

"बोलू नका हो, धार धरा! पाटी लावायला गेलो, फांदी मोडली!"

काकांनी उजव्या हातानेच पापण्या उघडल्या, मग त्याला स्वतःला पापणी धरायला लावली आणि उजव्या हाताने धार धरली. वर बघा. खाली बघा. दाराकडे बघा. खिडकीकडे बघा. रोपवाला अर्धा तास रडला आणि पुन्हा कधी ते झाड विकणार नाही असं त्याने तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा आवाजात थोडी शंका होती.

टॉवेल ठेवला. आज पहिल्यांदाच काकांनी उजव्या हाताची दोन बोटं धरली.

"किती?"

"दोन."

काकांचा श्वास सुटला. "आणखी कुणाची?"

"आणखी कुणाची म्हणजे? तुमचीच दोन."

"नीट बघा. दुसऱ्या कुणाची नाहीत?"

"नाही हो. ते काही दाखवत नाहीयेत." रोपवाल्याने डोळा बारीक केला. "त्यांचा हात कुठे मोकळा आहे? तुमचा हात धरलाय ना त्यांनी."

खोलीत नळीचं पाणी ठिबकत होतं. काकांनी डाव्या हाताकडे पाहिलं नाही. हात अंगाला चिकटून, किंचित खाली ओढलेला, रस्ता ओलांडताना लहान मुलाचा असतो तसा होता.

"कसा धरलाय?" त्यांनी हळूच विचारलं.

"कसा म्हणजे? चांगला धरलाय. कुणाला सोबत न्यायचं असलं की धरतो तसा."

"तोंड कुणीकडे आहे त्यांचं?"

"दाराकडे," रोपवाला म्हणाला.

काकांनी दाराकडे पाहिलं. बोळाच्या टोकाला, बाकावर, एक म्हातारी लाल डोळ्यावर रुमाल धरून बसली होती आणि आपली पाळी कधी येते म्हणून इकडे बघत होती. काकांनी घसा साफ केला. मग डाव्या बाजूला, खाली न बघता, पेशंटच्या नातेवाइकांशी बोलायच्या आवाजात ते म्हणाले,

"जरा थांबा. बाहेर अजून एक डोळा आहे."

त्यांनी उजव्या हाताने नवी बाटली टांगली. डाव्या हातावरची पकड थोडी सैल झाली. सुटली नाही.